ओकबुनचं मऊ बोलणं

जपान्यांचं राज्य बुडालं त्या उन्हाळ्यात बंग ओकबुन तुरुंगातून सुटून कोरियाच्या किनाऱ्यावरच्या सोल्मे गावाला परत आली. तिला उतरवून घ्यायला अख्खं गाव बंधाऱ्यावर जमलं होतं. पण बोटीतून उतरलेली बाई आपलीच बायबलबाई आहे हे बायकांना चटकन पटेना. गेली तेव्हा ती अंगानं भरलेली होती, गायला लागली की समोरच्या बेटावर ऐकू जायचं. आली ती सुकट झालेली, समोरचे दात गेलेले, उजव्या हाताची बोटं तळव्यात वळून तिथेच राहिलेली.

सगळ्यांच्या आधी पुढं धावले चर्चच्या मंडळीचे पंच हाम तेगू. ते तिच्या पायांशी चिखलात बसले आणि मोठ्यानं रडले.

"पंचबाबा, उठा," ओकबुन म्हणाली. "कपडे मळतील."

"मळू देत. तुमच्यासारखी एकजण होती म्हणून या गावाचं नाक राहिलं."

हाम रडत होते ते खोटं होतं असं नाही. पण टेकडीवर जपान्यांनी आपल्या देवांचं देऊळ बांधलं तेव्हा तिथं सगळ्यात खाली वाकणारे हामच होते. वाकता वाकता कालवांच्या धंद्याचा परवाना त्यांनी मिळवला होता. स्वातंत्र्य आल्याबरोबर ते देऊळ पाडणाऱ्यांतही तेच पुढं होते, आणि त्याचे वासे आता त्यांच्या गोदामाला लागले होते.

पाळक गिल इनसू तेवढे बंधाऱ्यावर आले नव्हते.

ओकबुन मासे सुकवणाऱ्याची मुलगी. लग्न झालं, नवरा समुद्रात बुडाला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांतच तिला आईच्या दारात आणून सोडलं. गावात तिच्याशी नीट बोलणारं माणूस म्हणजे पाळक गिल. त्यांनी तिला अक्षर ओळखायला शिकवलं, शास्त्र वाचायला शिकवलं, आणि घरोघर शास्त्र सांगणारी बायबलबाई म्हणून पाठवायला सुरुवात केली. एकदा एका दारुड्यानं तिच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं, तेव्हा ती त्याच्याशी कडाकडा भांडून आली होती. गिलनी तिला समोर बसवलं.

"चुकणाऱ्याशी भांडायचं नाही, ओकबुन. मऊ बोलायचं. नाही ऐकलं तर परत जाऊन मऊच बोलायचं. त्याला पश्चात्ताप देणारा देव आहे, तू नाहीस."

हे तिनं गाठीला बांधलं. त्या दारुड्याकडे ती दोन वर्षं जात राहिली, आणि पुढं तोच माणूस चर्चची घंटा वाजवायला लागला.

मग हुकूम आला की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांनी टेकडीवरच्या देवळापुढं वाकायचं, ख्रिस्ती लोकांनीसुद्धा. गिल यांनी मंडळीला सांगितलं की हा नुसता सरकारी शिष्टाचार आहे, मनात काय ते देवाला कळतं. पहिल्या तारखेला सगळे गेले. वाकायची खूण म्हणून टाळी वाजली, सगळ्या पाठी खाली गेल्या, आणि त्या पाठींमध्ये ओकबुन एकटी ताठ उभी राहिली. ठाणेदारानं विचारलं, ही कोण. कोणी बोललं नाही. मग गिल यांनी तिचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "साहेब, तिच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय. चार दिवस ठेवून घ्या, ठिकाणावर येईल."

चार दिवसांची वर्षं झाली. तिची आई त्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात वारली.

ओकबुन परत आल्यावरच्या पहिल्याच रविवारी उपासनेनंतर हामनी सगळ्यांना थांबवून घेतलं. गिल तेव्हा व्यासपीठावर चढायचे बंद झाले होते, घरीच बसून असायचे.

"पाळकांनी आपल्याला वाकायला लावलं," हाम म्हणाले. "बाईंना पकडून दिलं. त्यांनी चर्चच्या दारात चटई टाकून गुडघ्यांवर बसावं. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यांना ओलांडून आत जावं. असे काही रविवार गेले म्हणजे मंडळी शुद्ध होईल."

कालवं विकणारी जोमरे मागून बोलली, "चटई मग बंधाऱ्यापर्यंत लांब विणायला टाका, पंचबाबा. बसणारे पुष्कळ आहोत आपण."

बायका हसल्या. पुरुषांतलेही दोघेचौघे हसले. हाम हसले नाहीत.

ओकबुन उठली. दात गेल्यापासून तिच्या बोलण्यात हवा जायची, त्यामुळं ती सावकाश बोलायची. "पाळकबाबांशी मी बोलते. एकटीच जाईन. त्यांचं मन वळलं तर चटई लागणार नाही."

"आणि नाही वळलं तर?"

"तर परत जाईन."

"बाई, तुमचा शब्द आम्हाला मोडता यायचा नाही," हाम म्हणाले. "पण आम्हालाही मन आहे. नाताळपर्यंत थांबतो."

गिल यांचं घर चर्चच्या मागंच होतं. ओकबुन गेली तेव्हा ते कागदी दार अर्धं उघडं टाकून बसले होते. पाळकीणबाईंनी करपल्या भाताचं कढत पाणी वाटीत आणून ठेवलं आणि निघून गेल्या.

"बघायला आलीस?" गिल म्हणाले. "बघून घे. माझे दात आहेत सगळे."

"असू देत. सुकी मासळी आणलीय, तुम्हाला आवडते ती."

"हामनं पाठवलं वाटतं."

"मी आपणहून आले. पाळकबाबा, तुम्ही वाकलात ते चूक होतं. मंडळीला वाकवलंत ते त्याहून चूक. एवढंच सांगायचं होतं."

"आता तू शिकवणार मला."

"तुम्ही शिकवलंत तेच परत सांगतेय."

गिल हसले. "मी वाकलो नसतो तर या चर्चला कुलूप लागलं असतं. तुझ्यासारखीला काय, एक जीव. माझ्यामागं शंभर घरं होती. अन् तुझ्या आईला कोणी पुरलं? तू आली होतीस का फावडं घेऊन?"

ओकबुननं हातातली वाटी खाली ठेवली.

"तुम्ही पुरलंत. ते मी विसरणार नाही. पण वाकलात ते चूक होतं."

त्या दिवसापासून ती दर बुधवारी जायला लागली. कधी कालवं न्यायची, कधी उकडलेली रताळी. आवाज चढवायची नाही, हट्टही सोडायची नाही. गिलना जे जे टोचून बोलता येईल ते सगळं ते बोलले. तू तुरुंगात गेलीस ती देवासाठी नाही, मोठेपणासाठी गेलीस, म्हणाले. सासरी टिकली नाहीस, ठाण्यात बरी टिकलीस, म्हणाले. पश्चात्ताप हा शब्द तिच्या तोंडातून दात नसल्यानं फुसका यायचा. तर एक दिवस ते बायकोसमोर ओठ आत ओढून तिच्यासारखेच बोलून दाखवायला लागले. पाळकीणबाईंना हसू आवरलं नाही. ओकबुन त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबली आणि तोच शब्द तशाच फुसक्या आवाजात पुन्हा म्हणाली.

शरद संपत आला तेव्हा पाळकीणबाईंनी तिला फाटकात गाठलं.

"ओकबुन, तू त्यांना मार एकदाची. खरंच सांगते. कानफटात दे नाहीतर थुंक तोंडावर."

"असं कसं करू, बाई?"

"ते जेवत नाहीत. तू येऊन मऊ बोलून जातेस आणि ते भिंतीकडे तोंड करून बसतात, ते दुसऱ्या बुधवारपर्यंत. हामची चटई बरी गं. चटईवरून माणूस उठून घरी तरी येतं."

ओकबुन मान खाली घालून निघाली. पण वाटेत तिला मनातून बरं वाटत होतं. आपलं बोलणं लागतंय, आत जातंय, याचं बरं वाटत होतं. घरी येऊन तिनं देवाचे आभार मानले.

कोबीची किमची मुरत घालायचे दिवस आले. गावात दारोदार कोबीचे गड्डे मिठात पडले होते. त्या बुधवारी ओकबुन गेली तर पाळकीणबाई शेजारी कोबी धुवायला गेल्या होत्या आणि गिल अंगणात उकिडवे बसले होते. त्यांची दाढी वाढली होती. ती बोलायला लागण्याआधीच त्यांनी विचारलं, "बोटं कशानं वळली?"

इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. सगळे बोटांकडं बघायचे आणि देवाची स्तुती करायचे.

"बोटांमधी काठी घालून पिळायचे," ओकबुन म्हणाली. "मग हात बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ती उघडायची बंद झाली."

"दुसऱ्या."

"हो. पहिल्या हिवाळ्यात नुसतं मारायचे."

गिल तिच्याकडं न बघता बोलायला लागले.

"पहिल्याच हिवाळ्यात मला ठाण्यात बोलावलं होतं. ठाणेदार म्हणाला, बाई मरेल, आम्हाला नसती कटकट नको. तुम्ही जामीन राहा, घेऊन जा. अंगठा उठवायचा होता फक्त. मी नाही म्हणालो."

ओकबुन जोडे काढून ओसरीवर टेकली.

"मी म्हणालो, ती अजून ठिकाणावर आली नाही. पण ते खरं कारण नव्हतं. तू परत आली असतीस तर पुन्हा ताठ उभी राहिली असतीस. दर महिन्याला. मग माझ्याकडं पाळक म्हणून कोणी बघितलं असतं? तू आत असलेलीच मला बरी होतीस."

"आईला माहीत होतं?"

"ती रोज सकाळी माझ्या दारात यायची. माझ्या पोरीचं काही कळलं का, विचारायची. मी सांगायचो, फार खटपट करतोय, सोडत नाहीत. बर्फ पडत होतं तरी यायची. त्यातच तिला खोकला धरला."

ओकबुन उठली. पायरीजवळ तिनं रबरी जोडे घातले ते डाव्याचा उजवीकडं झाला, तसेच ठेवून ती चालायला लागली. गिल गुडघ्यांवर सरकत तिच्या मागं आले.

"ओकबुन. तू एवढे दिवस मागत होतीस तो पश्चात्ताप हाच ना? सांग मला. हाच ना?"

तिनं मागं वळून बघितलं नाही. समोरच्या माणसाला देवानं पश्चात्ताप दिला, तर त्याचा हात धरून त्याला उठवायचं, हेही तिला गिल यांनीच शिकवलं होतं. ते तिला त्या क्षणीही आठवत होतं. हात पुढं झाला नाही.

पुढच्या बुधवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हाम विचारायला आले.

"काय झालं, बाई? पाळक वळले का?"

"त्यांनी कबूल केलंय," ओकबुन म्हणाली. "काय कबूल केलंय ते त्यांनाच विचारा."

हामना विचारायची गरजच पडली नाही. रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी गिल आपल्या पायांनी चर्चमध्ये आले. व्यासपीठावर न चढता खाली उभे राहिले आणि सगळं सांगितलं. जामिनाचं सांगितलं, म्हातारीला रोज फसवलं ते सांगितलं. स्वतःखेरीज कोणाचंही नाव घेतलं नाही, हामचं तर नाहीच. हाम आधी सावध होऊन बसले होते. आपलं नाव येत नाही हे दिसलं तसा त्यांच्या चेहऱ्याला रंग आला.

"ऐकलंत?" ते उठून म्हणाले. "कसला माणूस आपल्याला प्रभूभोजनाची भाकर देत होता, ऐकलंत ना?"

मग कोणी कोणाला आवरलं नाही. ज्यांनी ज्यांनी टेकडीवर पाठ वाकवली होती ते सगळे एकदम ओरडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून दाराबाहेर काढलं, चटई आणली, त्यावर गुडघ्यांवर बसवलं. ते स्वतःच बसत होते, तरी ढकलून बसवलं. समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. त्यांचा कोट काढून घेतला. मागाहून येणारे लोक त्यांना ओलांडून आत यायला लागले. काहींनी मुद्दाम जोड्यांची माती त्यांच्या पाठीवर पुसली. एका बाईनं घरून कोबीचं खारं पाणी आणलं आणि त्यांच्या मानेवर ओतलं. ती ज्या मुलीला पाठुंगळी बांधून आली होती, तिचं नाव गिल यांनीच ठेवलं होतं.

"पुरे करा आता," जोमरे म्हणाली. "माणूस आहे तो."

"तुझा कोण लागतो?" कोणीतरी म्हणालं, आणि ती मागं सरकली.

ओकबुन बायकांच्या बाजूला आपल्या जागेवर बसली होती. दाराच्या फटीतून तिला गिल यांची पाठ दिसत होती, भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्याखाली थरथरणारी. हाम तिच्यापाशी आले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमचं सगळ्यात जास्त नुकसान झालंय. तुम्ही म्हणाल तसं. आत घ्या म्हणालात तर आत्ता घेतो."

सगळी मंडळी तिच्याकडं बघायला लागली. दाराबाहेरही ऐकू गेलं असावं, कारण ती पाठ क्षणभर थरथरायची थांबली.

ओकबुन नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "उपासना होऊन जाऊ दे."

हामनी त्या दिवशी उपासना लांबवली. प्रार्थनेमागून प्रार्थना, गीतामागून गीत. लोकांनी गळा काढून गायलं. पाळकीणबाई दाराशी आल्या, नवऱ्याच्या अंगावर रजई टाकायला लागल्या, तर दोघांनी त्यांना बाजूला धरून ठेवलं. शेवटी दार उघडलं तेव्हा गिल यांना उठता येईना. गुडघे सुटेचनात. जोमरेनं आणि पाळकीणबाईंनी त्यांना लाकडाच्या मोळीसारखं उचलून घरी नेलं. रात्री ताप चढला. नाताळ यायच्या आत ते गेले.

चर्चच्या जमिनीत त्यांना पुरू द्यायला हामनी नकार दिला. खाडीच्या काठी, जिथं वाहून आलेली प्रेतं पुरतात तिथं खड्डा काढला. ओकबुन गेली. पाळकीणबाईंनी तिला दुरूनच बघितलं आणि हात वर केला.

"तिथंच थांब. ते जाताना तुझंच नाव घेत होते. ओकबुन बोलली का, ओकबुन काही म्हणाली का. मी सांगितलं, काही म्हणाली नाही."

ओकबुन जागीच उभी राहिली. माती टाकून सगळे गेले तरी उभी होती.

त्यानंतर हामना तिला गावोगाव न्यायचं होतं. तिची बोटं लोकांना दाखवायची, तिनं चार शब्द बोलायचे, मंडळीची कीर्ती वाढायची. ओकबुननं नाही म्हटलं. उलट ती त्यांच्या गोदामात जाऊन त्यांना म्हणाली, "पंचबाबा, तुम्हीही वाकला होतात. आणि त्या रविवारी आपण जे केलं ते वाकण्याहून वाईट होतं. मी त्यात होते. तुम्ही मला विचारलंत, आणि मी आत घ्या म्हणाले नाही."

हामनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीला सांगितलं की तुरुंगातल्या हालांनी बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना आता विश्रांती द्यायला हवी. तिच्याकडून बायकांचा वर्ग काढून घेतला. ती तरीही दर महिन्याला गोदामात जायची, तेच मऊपणानं सांगायची. पुढं पुढं हामची सून दारातच सांगायला लागली की मामंजी घरी नाहीत, आणि आतून हामच्या खाकरण्याचा आवाज यायचा. हाम खूप म्हातारे होऊन, खूप मान मिळवून वारले. दफनाला तीन गावचे पाळक आले होते. त्यांनी शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही.

पाळकीणबाईंना घर सोडावं लागलं. त्या बंधाऱ्याजवळच्या एका पडक्या खोलीत राहायला गेल्या, कालवं फोडून पोट भरायला लागल्या. ओकबुन क्षमा मागायला गेली तेव्हा त्यांनी फोडणं न थांबवता ऐकून घेतलं.

"झालं बोलून?"

"हो, बाई."

"माझ्यापाशी क्षमा नाही. असती तरी तुला दिली नसती. आता तू मला मऊ आवाजात समजावणार का, की क्षमा करावी म्हणून?"

"नाही," ओकबुन म्हणाली. "ते मला आता कोणालाच सांगता यायचं नाही."

"मग ते पाणी भरून ठेव आणि जा."

तिनं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशीही जाऊन भरलं. पुढं उत्तर-दक्षिणेची लढाई आली, लोक पळाले, परत आले, घरांच्या छपरांवरचे पत्रे बदलले, आणि ओकबुनचं पाणी भरणं चालूच राहिलं. वळलेल्या बोटांत बादलीची कडी अडकवून ती यायची. गावातल्या बायका अजूनही घरातली भांडणं घेऊन तिच्याकडं यायच्या, नवरा पितो, सासू मारते, त्यांना समजावा म्हणायच्या. ती जायची. पण कोणाची चूक सांगण्याआधी स्वतः त्या रविवारी काय म्हणाली होती ते सांगायची. काही जण ऐकून वरमायचे. पुष्कळ जण म्हणायचे, मग तू कोण आम्हाला सांगणार, आणि तिला हाकलायचे.

म्हातारपणी पाळकीणबाईंची दृष्टी गेली. तेव्हा ओकबुन आपलं गाठोडं घेऊन त्यांच्याच खोलीत राहायला आली. त्यांनी हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. ती त्यांना न्हाऊ घालायची, चूल पेटवून खोलीची जमीन खालून गरम ठेवायची, बार्लीची पेज पातळ करून भरवायची.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात जोमरेची सून किमची द्यायला आली होती, तिनं हे स्वतः ऐकलं. ओकबुन पेज भरवत होती, आणि पाळकीणबाई घासाघासामध्ये बोलत होत्या.

"तुला वाटतं, मी मरताना तुला क्षमा करीन."

"वाटायचं पूर्वी."

"नाही करणार."

"बरं."

"ते त्या चटईवर किती वेळ बसले होते, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे, बाई. गरम आहे, फुंकून घ्या."

पाळकीणबाईंनी पेज फुंकली, गिळली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.